ळ कुणाचा

प्रविण घरत आणि मी धाटावच्या एकाच कंपनीत, एकाच शिफ्टला होतो. तो इन्स्ट्रुमेंटेशनला, मी स्टोअरमध्ये. रोह्याच्या एसटी स्टँडसमोरून कंपनीची बस सव्वासहाला निघायची. धाटाव तसं जवळ, पण बस सगळ्या आळ्या फिरून माणसं गोळा करत जायची, त्यामुळे अर्धा तास सहज जाई. बाकीचे त्या अर्ध्या तासात डुलकी काढत. प्रविण मात्र मांडीवर कागदांची गुंडाळी सोडून बसायचा. दोन्ही कडांना भोकं असलेला, ठिपक्या-ठिपक्यांच्या प्रिंटरवर छापलेला लांबच लांब कागद. त्यावर तो पेन्सिलीने खुणा करायचा, मधेच हसायचा, मधेच मान हलवायचा.

एकदा मी विचारलं, "काय रे, परीक्षा हाय काय?"

"नाय. भांडन चाललंय."

"कोनाशी?"

"ते म्हाईत नाय," तो म्हणाला आणि पुन्हा कागदात घुसला.

ही गोष्ट पंच्याण्णव सालच्या सप्टेंबरची. प्रविण तेव्हा एकतीस वर्षांचा. गाव जोहे, हमरापूरच्या शेजारचं, जिथे घराघरात गणपती घडतात. वडील दत्तात्रेय घरत मूर्तिकार. प्रविण आयटीआय करून रोह्याला आला आणि कृष्णाबाईंच्या एसटीडी बूथच्या वरच्या खोलीत राहू लागला. कंपनीच्या ऑफिसने जुना झाला म्हणून काढलेला एक कॉम्प्युटर त्याने उचलला होता. मोडेम नावाची डबी त्याने मुंबईहून आणली आणि खिडकीतून एक वायर खाली बूथच्या फोनपर्यंत सोडली.

इंटरनेट तेव्हा आमच्याकडे फक्त पेपरातल्या बातमीत होतं. पण दादरच्या एका हौशी गृहस्थांनी आपल्या घरच्या कॉम्प्युटरला फोन जोडून ठेवला होता. कोणीही आपल्या कॉम्प्युटरवरून त्या नंबरला फोन लावायचा, आपली पत्रं तिथे टाकायची, दुसऱ्यांची पत्रं उचलायची आणि फोन ठेवायचा. याला ते बुलेटिन बोर्ड म्हणत. तिथे क्रिकेटचा एक कोपरा होता, औषधांचा एक, कॉम्प्युटरचा एक. आणि एक कोपरा असा होता की तिथे कोणीही कशावरही बोलावं. ही पत्रं पुढे दुसऱ्या शहरांतल्या, परदेशातल्या बोर्डांवरही जात. उत्तर यायला कधी एक दिवस लागे, कधी आठवडा. सगळं इंग्रजीत. प्रविणचं शिक्षण मराठीत झालेलं, म्हणून तो डिक्शनरी मांडीवर ठेवून भांडायचा. सही करायचा 'जोहेकर' अशी.

फोन लावायची वेळ पहाटे साडेपाचची, कारण सहाच्या आत दर कमी असे. मोडेम किंचाळायला लागला की कृष्णाबाई खालून ओरडायच्या, "प्रविण, झालं काय रं बोलून?"

"झालं, मावशी!"

"कोनाचा आवाज तर आला नाय. मग मीटर कशाला पलतंय?"

त्यांना ते कोडं शेवटपर्यंत सुटलं नाही. पण माणूस सरळ आहे म्हणून त्यांनी वायर काढली नाही.

त्या सप्टेंबरात गणपती दूध पितात म्हणून सगळीकडे गर्दी उसळली होती. बोर्डावरही दोन तट पडले. एक तट म्हणे चमत्कार, दुसरा म्हणे अडाणीपणा. प्रविणला दोन्ही तटांचा वैताग आला, कारण करून कोणीच पाहत नव्हतं. त्याच्या घरी तर मूर्तीच मूर्ती. रविवारी तो जोह्याला गेला आणि पाच मूर्ती ओळीने मांडल्या. दोन प्लास्टरच्या कच्च्या, एक शाडूची कच्ची, दोन रंगवलेल्या. दूध कुठे जातं ते दिसावं म्हणून त्याने दुधात कपड्यांची नीळ कालवली.

आई काशीबाई बाहेर आली ती कपाळाला हात लावून. "अरे, देवाला निळीचं दूध पाजतोस?"

"देव नाय गो आई, अजून रंग कुठं लागलाय."

"मंग त्या दोघांना तर लागलाय!"

कच्च्या प्लास्टरने चमचाभर दूध बघता बघता शोषून घेतलं. रंगवलेल्या मूर्तींच्या मात्र सोंडेवरून, पोटावरून निळी रेघ खाली पाटापर्यंत आली. इतकी पातळ, की नीळ नसती तर डोळ्याला दिसली नसती. प्रविणने हे सगळं चमच्यांच्या मोजमापासकट बोर्डावर लिहिलं. चमत्कारवाले चिडलेच, पण अडाणीपणावालेही चिडले, कारण याने देवाची टिंगल कुठेच केली नव्हती. एकाच माणसाने वेगळं पत्र लिहिलं. पी. एम. चौबळ अशी सही. 'चमचा किती तिरका धरला होता? तिरका न धरता पाहिलंत का? पाच मूर्ती पुरेशा आहेत असं तुम्हाला का वाटतं?'

प्रविण ते पत्र घेऊन बसमध्ये माझ्या शेजारी बसला. "हा मानूस बघ. भांडत नाय, इचारतो." पुढच्या रविवारी त्याने आणखी नऊ रंगवलेल्या मूर्तींच्या सोंडेला दूध लावलं, चमचा तिरका न करता. दूध प्यायलं गेलं नाही. काशीबाईने त्या दिवशी त्याला जेवायला वाढलं, पण दूध वाढलं नाही.

त्यानंतर जोहेकर आणि चौबळ यांचा वाद नेहमीचाच झाला. हेल्मेटची सक्ती असावी का, परीक्षेत कॅल्क्युलेटर चालावा का, लग्नात लाउडस्पीकर किती वाजवावा, काहीही. प्रविण त्यांना 'सर' म्हणायचा. त्याच्या डोळ्यांसमोर एक रिटायर्ड साहेब होते, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, जेवणाची वेळ ठरलेली.

खरं जुंपलं ते शहाण्णवच्या पावसाळ्यात. कोणीतरी मराठी टाइप करायचं एक महागडं पॅकेज बोर्डावर आणून टाकलं. ते पॅकेज एरवी कॉम्प्युटरच्या मागे एक छोटी डबी खोचल्याशिवाय चालत नसे. या पठ्ठ्याने ती अट मोडून ठेवली होती. दहा जणांनी आभार मानले. अकरावं पत्र चौबळांचं. 'हे ताबडतोब काढा. परवाना वाचलात का? तुम्हाला वापरायची मुभा दिली आहे, वाटायची नाही. ही चोरी आहे.'

प्रविणने लिहिलं, 'सर, माझी सायकल कोणी नेली तर मी चालत जातो. ती चोरी. पण माझ्या सायकलीसारखी दुसरी सायकल कोणी करून घेतली, तर माझी माझ्याकडेच आहे. मग चोरी कशी?'

'तुमची तुमच्याकडे उरली, म्हणून विचारायचंही नाही का?'

दोन महिने हेच. मधे परदेशातले एक गृहस्थ आले. त्यांचं म्हणणं, परवाना उलटाही वापरता येतो. प्रोग्राम खुशाल घ्या, आतली मांडणी उघडून बघा, बदला, वाटा. अट एकच, पुढच्यालाही हीच मोकळीक द्यायची. त्यांनी असा एक आख्खा परवाना पाठवून दिला. प्रविणने तो छापून आठवडाभर बसमध्ये डिक्शनरी लावून वाचला. एका सकाळी तो एकदम माझ्या गुडघ्यावर थाप मारून हसला.

"काय झालं?"

"अरे, यात लिवलंय, प्रोग्राममध्ये पायजे तसा बदल करा. पन हा जो परवान्याचा कागद हाय ना, त्यात बदल करायला बंदी!"

मला यात एवढं हसण्यासारखं काय ते कळलं नव्हतं. तो मात्र दिवसभर ते ज्याला त्याला सांगत होता.

मग त्याने आपलं हुकमी पान टाकलं. लिहिलं, 'सर, आमचं गाव नकलेवर जगतं. एक जण मूर्ती घडवतो, तिच्यावरून रबराचा साचा निघतो, त्या साच्यातून शेकडो मूर्ती. पुढच्या साली शेजारचा कारखानदार ती मूर्ती विकत आणून तिच्यावरून साचा काढतो. कोणी कोणाला चोर म्हणत नाही. सगळ्यांच्या चुली पेटतात.'

चौबळांचं उत्तर एका ओळीचं. 'ज्यांनी पहिली मूर्ती घडवली, त्यांना तुम्ही विचारलंत का?'

प्रविणने तो कागद मला दाखवला. पहिली मूर्ती घडवणारे त्याच्याच घरात होते, आणि त्याने खरंच कधी विचारलं नव्हतं.

रविवारी तो पेणमार्गे जोह्याला गेला. दत्तात्रेय ओट्यावर बसून सोंडेचा बाक घासत होते. प्रविणने सरळच विचारलं, "बाबा, तुमच्या मूर्तीचा साचा दुसऱ्यानं काडला, तर तुमाला काय वाटतं?"

"काय वाटायचंय? काडतात. मी पन काडलेत. हा बसायचा ढब काय माजा हाय? पेनच्या एका म्हाताऱ्याचा बगून शिकलो." दत्तात्रेय हसले आणि पुन्हा घासायला लागले.

आत काशीबाई भाकऱ्या थापत होती. ती तिथूनच म्हणाली, "खरं सांगा की पोराला. ती सिंहासनवाली मूर्ती दुसऱ्यानं काडली, तवा दोन दिस जेवला नव्हता ह्यो मानूस."

दत्तात्रेयांनी हात थांबवला. "ते येगलं होतं."

"काय येगलं?" प्रविणने विचारलं.

"साचा काडला त्याचं नाय रे. कान बिगडवला. मी आठ दिस बसून कान केलेला, जरा पुडं आलेला, ऐकतोय असा. त्यांनी साच्यात अडकतो म्हनून चापून बसवला. आनि मूर्ती इकली माज्या नावानं. गिराईक येऊन मला बोलून गेलं, दत्तूशेट, अवंदा कान नीट नाय झाला."

प्रविणने हे जसंच्या तसं बोर्डावर लिहिलं. स्वतःच्या विरुद्ध जाणारं होतं, तरी लिहिलं. तो तसाच होता. वाद जिंकण्यापेक्षा त्यातून काय निघतं हे त्याला बघायचं असे.

पंधरा दिवस चौबळांचं उत्तर नाही. प्रविण रोज पहाटे फोन लावायचा आणि रिकाम्या हाताने बसमध्ये चढायचा. मग एक मोठं पत्र आलं.

'जोहेकर, तुमच्या वडिलांचा कान वाचून मी बेचैन आहे. आजवर बोर्डावर सांगितलं नाही ते सांगते आहे. ज्या पॅकेजवरून आपण भांडतो, त्यातली अक्षरं मी काढली आहेत. सहा वर्षं, हाताने. आता ती सगळीकडे फिरतात, कोणत्यातरी दुसऱ्याच नावाने. ते एक वेळ सहन होईल. पण फिरता फिरता कोणीतरी त्यातला ळ बदलला आहे. माझ्या ळ चे दोन गोळे सारखे नाहीत, उजवा थोडा मोठा आणि खाली उतरलेला आहे. कोणीतरी डावा गोळाच उचलून उलटा करून उजवीकडे चिकटवला आहे. तुमच्या घरात एखादी लग्नपत्रिका असेल तर बघा.'

बोर्डावर मराठी अक्षरं दिसत नसत. म्हणून त्याखाली चांदण्या आणि टिंबं एकेका ओळीत मांडून ळ काढून दाखवला होता, एक खरा आणि एक बिघडलेला. इंग्रजीत 'सांगतो' आणि 'सांगते' यांत फरक नसतो, त्यामुळे प्रविणच्या डोक्यात साहेब साहेबच राहिले.

बहीण नम्रताचं लग्न आदल्याच वर्षी झालं होतं. तिची पत्रिका प्रविणने पेटीतून काढली. 'मंगळवार' मधला ळ बघितला. दोन्ही गोळे आरशासमोर धरल्यासारखे सारखे. मग त्याला आणखी एक गोष्ट आठवली आणि तो घाबरला. त्याच्या स्वतःच्या कॉम्प्युटरवरही मराठी होतंच. कंपनीची शिफ्टची यादी तो त्यातच करायचा. ते कुठून आणलं? पत्रिका छापणाऱ्या पेणच्या हैबतरावांकडून, फ्लॉपीत.

पुढच्या सुट्टीला तो मला घेऊन हैबतरावांच्या छापखान्यात गेला. हैबतराव चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "फॉन्ट? मला पनवेलच्या एका मुलाने दिला. बोभाटा काय करायचा त्यात? सगळे वापरतात."

"त्या ळ चं काय झालं, म्हाईत हाय का तुमाला?"

"ळ?" त्यांनी पत्रिका जवळ धरली, लांब धरली. "बरा आहे की."

आम्ही पनवेलला गेलो. त्या मुलाने ठाण्याच्या एका डीटीपीवाल्याचं नाव सांगितलं, ठाणेवाल्याने नाशिकचं. नाशिकला प्रविणने बूथवरून फोन लावला. तिथला माणूस भला होता. म्हणाला, हो, ळ मीच बदलला. लहान अक्षरात छापलं की उजवा गोळा भरून जायचा, शाई साचायची. आणि नाव? नाव तर माझ्याकडे यायच्या आधीच कोणीतरी काढलेलं होतं.

हा सगळा प्रवास प्रविणने चौबळांना लिहून पाठवला, शेवटी स्वतःचीही कबुली दिली. 'सर, तुमची अक्षरं विचारल्याशिवाय माझ्याकडेही आहेत. इतके महिने मी तुमच्याशी तुमच्याच वस्तूवरून भांडत होतो. पुसून टाकू का?'

उत्तर आलं, 'पुसू नका, मला बघायची आहेत. आणि तो कानही बघायचा आहे.'

सत्त्याण्णवच्या जानेवारीत चौबळ अलिबागच्या गाडीने पेणला उतरणार असं ठरलं. आम्ही दोघे नाक्यावर उभे होतो. प्रविणने इस्त्रीचा शर्ट घातला होता. गाडीतून कॉलेजची मुलं उतरली, माशांच्या टोपल्या उतरल्या, साहेब काही उतरले नाहीत. शेवटी सुती साडी, खांद्याला शबनम, साठीच्या पुढच्या एक बाई उतरल्या, इकडेतिकडे बघत आमच्याजवळ आल्या आणि म्हणाल्या, "जोहेकर?"

प्रविणच्या तोंडून "सर..." एवढं निघालं.

"पद्मजा. पद्मजा मनोहर चौबळ," त्या म्हणाल्या. "बोर्डावर सगळे मला सर म्हणतात. सुरुवातीला दुरुस्त केलं नाही, आणि मग बघितलं की सरांशी लोक जरा नीट वाद घालतात. मग राहू दिलं."

जोह्याला काशीबाईने त्यांना आधी पाणी, मग चहा, मग जेवणच वाढलं. पद्मजाबाई मूळच्या रोह्याच्याच निघाल्या. लहानपणीच दादरला गेलेल्या. दत्तात्रेयांनी अडगळीतून जुना सिंहासनवाला गणपती काढला, पहिला, स्वतःच्या हातचा. बाई खाली मांडी घालून बसल्या आणि त्या कानाकडे बघत राहिल्या. बोटाने कड चाचपली.

"ही कड इथे जाड का ठेवली?" त्यांनी विचारलं.

"उजेड अडकाय पायजे ना. नायतर समोरून सपाट दिसतं."

"मी ळ च्या उजव्या गोळ्याला हेच केलंय," बाई म्हणाल्या. मग दोघं तास दीड तास बोलत बसले. आम्ही ऐकत होतो. मधे दत्तात्रेयांनी विचारलं, "बाई, तुमच्या अक्षरांत एवढ्या लोकांची लग्नं छापून झाली. त्यात वंगाळ काय?"

"लग्नं चांगली झाली असतील. ळ वाईट झाला."

दत्तात्रेय मोठ्याने हसले.

निघताना बाईंनी ठरवून टाकलं होतं. चोरी ती चोरीच, मत बदललेलं नाही. पण चुकीचा ळ फिरतोच आहे, तर मूळ अक्षरं बरोबर नावासकट आपणच बोर्डावर ठेवू, अटी घालून. प्रविण त्या दिवशी इतका खूश होता की परतीच्या एसटीत उभा राहूनच बोलत होता.

आठ दिवसांनी पत्र आलं. बाईंनी घरी जाऊन पॅकेज काढणाऱ्या कंपनीशी झालेला नोकरीचा जुना करार काढला होता. त्यात लिहिलं होतं की नोकरीत असताना काढलेली सर्व अक्षरं कंपनीची. त्यांनी कंपनीला रीतसर विचारलं. कंपनीचं उत्तर सभ्य होतं: अक्षरांचे हक्क आमच्याकडे आहेत, परवानगी देता येणार नाही.

प्रविण बसमध्ये हातातला कागद हलवत होता. "म्हंजे पेनला चालतं, पनवेलला चालतं, नाशिकला चालतं. नुसतं जिनं काडलं तिला नाय चालत?" त्याने बाईंना तसंच लिहिलं. सगळं जग वापरतंय, तुम्ही ठेवलंत तर कोण धरणार आहे?

बाईंचं उत्तर मी वाचलं आहे. 'मी विचारलं, त्यांनी नाही म्हटलं. विचारून नाही ऐकल्यावर घेणं हे न विचारता घेण्यापेक्षा वाईट. इतके महिने तुम्हाला हेच सांगत होते ना?'

प्रविणने हे जोह्याला जाऊन सांगितलं. दत्तात्रेय म्हणाले, "मंग नवीन काडा म्हनावं. मी दर साली काडतो."

प्रविणने निरोप कळवला. त्याला वाटलं, बाई रागावतील. बासष्ट वर्षांच्या, डोळ्याला मोतीबिंदू उतरू लागलेला. दहा दिवसांनी पोस्टाने एक जाडजूड पाकीट आलं. ग्राफच्या कागदावर तीन अक्षरं. प, ष, ण. सोबत चिठ्ठी, 'वळणं कशी वाटतात ते कळवा.'

स्कॅनर कोणाकडे होता तेव्हा. प्रविणने प्रत्येक अक्षराच्या कडेवरचे ठिपके ग्राफवरून मोजून कॉम्प्युटरात टाकायला घेतले. शिफ्ट सुटली की संध्याकाळी मी त्याच्या खोलीवर जायचो. मी आकडे वाचायचो, तो टाकायचा. प झाला की छापायचा, पोस्टाने दादरला पाठवायचा, तिकडून लाल शाईच्या खुणा होऊन परत यायचा. एका 'क्ष'साठी नऊ फेऱ्या झाल्या. बाई आणि प्रविण प्रत्येक अक्षरावर भांडले. 'ळ'वर मात्र नाही. त्यांनी नाशिकवाल्याची तक्रार लक्षात घेऊन उजवा गोळा थोडा उघडा काढला होता. 'त्या माणसाने मला कळवलं असतं तर तेव्हाच केला असता,' असं कोपऱ्यात लिहून.

अटी मराठीत लिहायच्या हा प्रविणचा हट्ट. परवाना वाचायला वकील लागू नये. बाईंनी पानभर मजकूर लिहून दिला. प्रविणने तो काशीबाईला वाचून दाखवला. तिला लिहितावाचता येत नव्हतं, पण ऐकून कळलं तर ठेवायचं, नाही कळलं तर काढायचं, अशी त्याने परीक्षा ठेवली. पान निम्मं झालं. वापरा, वाटा, पुढच्यालाही वाटू द्या, हे तिला पटलं. बदल करण्याच्या अटीवर अडली.

"येवडं फिरवून कशाला लिवलंय? बिगडवलं तर आपलं नाव लावा. माज्या मानसाचं लावू नका. आनि काय बिगडवलं ते सांगा."

"बिगडवलं नाय गो आई, बदललं."

"ज्याचं हाय त्याला इचार, बदललं का बिगडवलं."

बाईंनी ती अट जवळजवळ तशीच उतरवली. 'बदल केलात तर आपलं नाव लावा, आमचं लावू नका, आणि काय बदललं ते आम्हाला कळवा.' खाली दादरचा पत्ता दिला.

अठ्ठ्याण्णवच्या दिवाळीत अक्षरं बोर्डावर ठेवली. बाईंनी त्यांना 'जोहे' असं नाव दिलं, प्रविणला न विचारता. प्रविणने त्यावरून एक लांबलचक निषेधाचं पत्र लिहिलं, पण नाव राहिलं.

स्वागत मोठं झालं असं नाही. मुंबईत लोक आता इंटरनेटकडे वळले होते, बोर्डावर जुनी पाच-पंचवीस माणसं उरली होती. त्यातल्या दोघांनी लिहिलं, फुकट आहे म्हणजे काहीतरी कमी असणार. एकाने विचारलं, फुकटच द्यायचं तर अटी कशाला? प्रविण त्याला तीन आठवडे उत्तरं देत होता. हैबतरावांना आम्ही फ्लॉपी नेऊन दिली. त्यांनी एक पत्रिका छापून बघितली, म्हणाले, "छान आहे. पण गिऱ्हाईक जुनंच मागतं." पुढच्या वर्षी बोर्ड बंद झाला. शेवटच्या पहाटे प्रविणने फोन लावला तेव्हा तिकडून कोणी उचललाच नाही. कृष्णाबाई खालून म्हणाल्या, "आज तुजं यंत्र वरडलं नाय रे." तो म्हणाला, "नाय मावशी, त्या मान्सानं दुकान बंद केलं." त्या हळहळल्या, कोण माणूस ते न कळताच.

नव्व्याण्णवच्या मार्चमध्ये दादरला एक पोस्टाचं पाकीट आलं. निपाणीच्या एका छोट्या छापखान्याचे मालक, विष्णुपंत नावाचे. फ्लॉपी त्यांच्यापर्यंत कशी पोचली हे त्यांनाही ठाऊक नव्हतं, पण अटींचा कागद सोबत होता. त्यांनी लिहिलं होतं, 'आपल्या अटीप्रमाणे कळवतो की मी झ चा पाय आखूड केला आहे. कारण आमच्याकडच्या शाळेच्या पुस्तकात ओळी जवळ असतात आणि तो खालच्या ओळीच्या मात्रेला लागतो. माझ्या प्रतीला मी माझं नाव दिलं आहे. चूक असल्यास सांगावे.' सोबत छापलेलं पान होतं.

बाईंनी ते पत्र जसंच्या तसं प्रविणला पाठवलं. प्रविण सकाळी बसमध्ये चढला तो पाकीट हातात धरून. मी वाचलं. मला भीती वाटली की पुन्हा त्या कानासारखं झालं.

"बाईंना राग आला असंल?" मी विचारलं.

"राग?" प्रविण म्हणाला. "अकरा पानांचं उत्तर धाडलंय बाईंनी निपाणीला. झ चा पाय तोडनं कसं चूक हाय त्यावर. आनि खाली लिवलंय, मे महिन्यात दादरला या, सोबत झ घेऊन या, समोर बसून बोलू." त्याने झ च्या शिरोरेषेला पेन्सिल टेकवली आणि त्या निपाणीच्या पानावर वाकून बघू लागला. "पन मला वाटतं, तो मानूस बरोबर हाय."